चहाची शर्यत सुटली ते मावेई

चीनच्या फूजियान प्रांतात मिन नदीच्या मुखाजवळ फूचौ शहराचा मावेई जिल्हा आहे. इथल्या सातमजली दगडी लुओशिंग पॅगोड्यासमोर चहाची जहाजं नांगर टाकायची. १८६६ साली इथून नव्या हंगामाचा चहा घेऊन सुटलेली 'तायपिंग' आणि 'एरियल' सुमारे ९९ दिवसांनी लंडनच्या गोदीत शिरली, तीही अर्ध्या तासाच्या फरकाने! त्याच वर्षी इथे आधुनिक जहाज कारखाना स्थापन झाला, फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने. आणि २३ ऑगस्ट १८८४ रोजी फ्रेंच आरमारानेच इथला चिनी ताफा बुडवला. हे वाचून आजही चटका बसतो.

जहाजबांधणी आणि मासळी प्रक्रिया हे इथले आजचे मोठे उद्योग. तैवानच्या ताब्यातल्या मात्सू बेटांशी २००१ पासून इथून थेट बोटसेवा सुरू झाली. नकाशावर नक्की शोधा!