विश्लेषण : वीज गेली, आली… आणि गावचा कॉम्प्युटर मुंबईतून दिसेना! आयपी अ‍ॅड्रेसची भानगड काय?

एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. मालवण तालुक्यातील तोंडवली-तळाशीलसारख्या किनारी गावांना पावसाळ्यातला विजेचा लपंडाव नवा नाही. मे २०२१ मधील तौक्ते वादळानंतर तर सिंधुदुर्गातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. हल्ली मात्र वीज परत आल्यावर वेगळीच अडचण उभी राहते. गावचे बंद घर मुंबईतून पाहता यावे म्हणून चाकरमान्याने कॅमेरे लावलेले असतात, चित्रीकरण घरच्या कॉम्प्युटरवर साठत असते. पण मोबाइलवर काहीच दिसत नाही. कॅमेरे ठीक, इंटरनेट सुरू. बदललेला असतो तो कॉम्प्युटरचा आयपी अ‍ॅड्रेस.

पत्ते एक नव्हे, दोन

गिरगावातली चाळ आठवा. पोस्टमनला चाळीचा पत्ता लागतो, आत खोली क्रमांक. घरचा राउटर म्हणजे ही चाळ. तो आतल्या प्रत्येक उपकरणाला १९२.१६८ ने सुरू होणारा खोली क्रमांक देतो. हाच क्रमांक जगभरातल्या कोट्यवधी घरांत असतो, त्यामुळे बाहेरच्याला त्याचा उपयोग नाही. बाहेरचा पत्ता इंटरनेट कंपनी देते.

राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला की तो खोल्या नव्याने वाटू शकतो. काल १९२.१६८.१.१०५ वर असलेला कॉम्प्युटर आज १०८ वर जातो. राउटरमधील ‘पोर्ट फॉरवर्डिंग’चा नियम मात्र अजून १०५ चेच दार ठोठावत असतो.

आतला पत्ता कसा बदलायचा?

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग वाय-फाय किंवा इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये जावे. ‘आयपी असाइनमेंट’समोरील एडिट दाबून मॅन्युअल निवडावे आणि आयपीव्ही४ सुरू करावे. राउटर १०० ते २०० हे क्रमांक वाटत असेल, तर त्याबाहेरचा, समजा १९२.१६८.१.५०, घ्यावा. गेटवे म्हणजे राउटरचा पत्ता. सबनेट मास्क घरगुती जोडणीत बहुधा २५५.२५५.२५५.०. दोन उपकरणांना एकच क्रमांक गेला तर दोन्ही अडखळतात. त्यापेक्षा राउटरमध्येच त्या कॉम्प्युटरसाठी क्रमांक राखून ठेवणे बरे. शेवटी फॉरवर्डिंगच्या नियमातही हाच क्रमांक टाकायचा. नेमके हेच विसरले जाते.

एवढे करूनही दिसत नसेल तर?

खरी मेख इथे आहे. आयपीव्ही४ मध्ये एकूण पत्ते सुमारे ४३० कोटी. आशिया-प्रशांत विभागाला ते वाटणाऱ्या ‘एपनिक’कडचा नेहमीचा साठा एप्रिल २०११ मध्येच आटला. म्हणून अनेक कंपन्या एकच बाहेरचा पत्ता शेकडो ग्राहकांत वाटतात. याला सीजीनॅट म्हणतात. म्हणजे अनेक चाळींना मिळून एकच टपालपेटी. राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही त्याच रांगेत आहात. मग राउटर दहा वेळा बंद-चालू करा, बाहेरून दार उघडणार नाही. कंपनीकडे जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी मागावा. कॅमेरा आणि मोबाइल दोन्हीकडे आयपीव्ही६ असेल, तर तोही मार्ग आहे. क्लाउडवरचे कॅमेरे या भानगडीत पडत नाहीत, कारण ते स्वतःच कंपनीच्या सर्व्हरला हाक मारतात. अर्थात, मग घरातले चित्र त्या सर्व्हरमार्गे जाते, हे ठाऊक असावे.

आयपी बदलला की माणूस लपतो?

व्हीपीएनने संकेतस्थळाला दिसणारा पत्ता बदलतो, माग पुसला जातोच असे नाही. ‘सर्ट-इन’च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांचा तपशील पाच वर्षे जपायचा आहे, त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी भारतातील सर्व्हरच हलवले. उलट, ‘तुमचा आयपी गुन्ह्यात सापडलाय, बदलून देतो, हे अ‍ॅप टाका’ असा फोन आला तर ती फसवणूकच समजावी. फोन ठेवावा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळवावे.

गणपती आटोपून मुंबईची गाडी धरण्याआधी एक चाचणी जरूर करावी. राउटर एकदा बंद करून सुरू करावा, मोबाइलचे वाय-फाय बंद ठेवावे आणि मोबाइल डेटावर चित्र येते का ते पाहावे. घरच्या वाय-फायवर चित्र दिसले, म्हणजे ते दादरहूनही दिसेल असे नाही.