हलती नक्षी जपून करा

ठिपक्यांच्या रांगोळीत आधी ठिपके, मग ते जोडण्याचा नियम. कोड लिहून केलेली ‘जनरेटिव्ह आर्ट’ अशीच असते. ‘चौकोन काढ, पाच अंशांनी फिरव, थोडा लहान कर, पुन्हा काढ’ एवढा नियम कलाकार लिहितो. पुढचे काम संगणक करतो. जर्मनीत गेऑर्ग नीस यांनी १९६५ मध्ये अशी चित्रे प्रदर्शनात मांडली होती. आज ‘प्रोसेसिंग’ आणि ‘पी५.जेएस’ या मोफत साधनांमुळे शाळकरी मुलेही अशी नक्षी करतात. फरक एवढाच, की रांगोळी स्थिर असते आणि ही नक्षी हलते, लुकलुकते. काळजी घ्यायची ती इथेच.

१६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ मालिकेच्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा लुकलुकला, तोही काही सेकंदच. त्यानंतर ६८५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांत बहुतेक मुले होती. ज्यांना फिट आली, त्यांतल्या अनेकांना ती पूर्वी कधीच आलेली नव्हती.

असे का होते? उजेड-अंधार झपाट्याने आलटून-पालटून डोळ्यांवर पडला, की मेंदूच्या मागच्या बाजूच्या दृष्टिकेंद्रातील पेशी एकाच तालात उद्दीपित होतात. बहुतेकांचा मेंदू हा ताल आवरतो. काहींना ते जमत नाही आणि फिट येते. अपस्माराच्या शंभर रुग्णांत असे साधारण तिघे असतात. लहान मुले आणि किशोरवयीन यांच्यात हे प्रमाण जास्त. गडद लाल रंग, तसेच काळ्या-पांढऱ्या दाट पट्ट्याही त्रासदायक ठरू शकतात. भौमितिक नक्षीत नेमक्या याच पट्ट्यांचा मोह होतो!

वेबसाठीचा आंतरराष्ट्रीय निकष सांगतो, की एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकाट नको. ‘पी५.जेएस’ सेकंदाला साधारण ६० फ्रेम दाखवते. प्रत्येक फ्रेमला काळे-पांढरे बदलले, तर सेकंदाला ३० वेळा लुकलुकाट होतो. तेच ३० फ्रेमनंतर बदलले, तर एकदाच. म्हणजे कोडमधला एक आकडा बदलला, की धोका टळतो. रंग एकदम न बदलता हळूहळू बदलू द्या आणि नक्षी थांबवायचे बटण ठेवा.

पाहणाऱ्यांनी खोलीत दिवा लावावा, स्क्रीनपासून दूर बसावे. लुकलुकाटाने अस्वस्थ वाटले तर नुसते डोळे मिटून भागत नाही. तळहाताने एक डोळा पूर्ण झाकून मान वळवावी.

कोणाला फिट आलीच, तर कांदा किंवा चप्पल हुंगायला देऊ नका, तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करा आणि झटके थांबताच रुग्णाला कुशीवर वळवा. फिट पाच मिनिटांत थांबली नाही, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. पहिल्यांदाच आली असेल, तर थांबल्यावरही डॉक्टरांना दाखवाच.