अंगदुखीची पुडी एकदम सोडू नका

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांभोवती कंबर-गुडघ्यांच्या दुखण्याला सुट्टी नसते. खाडा परवडत नाही, म्हणून कागदात बांधून दिलेली बिननावाची गोळी घेतली जाते. दोन दिवसांत अंग हलकं होतं, भूक लागते. अशा पुडीत प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड, असू शकतं.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर ॲड्रिनल ग्रंथी असतात. त्यांतून स्रवणारं कॉर्टिसॉल रक्तदाब आणि साखर सांभाळतं, ताप-अपघातात शरीराला तग धरायला बळ देतं. स्टेरॉइड बाहेरून मिळत राहिलं की मेंदूकडून या ग्रंथींना येणारा हुकूम थांबतो आणि त्या सुस्तावतात. महिनोन्‌महिने घेतलेली गोळी अचानक बंद केली, तर बाहेरचंही संपतं आणि अंगातलंही तयार होत नाही. मग थकवा, मळमळ, उठताना भोवळ. ‘अशक्तपणा’ म्हणून सलाईन लावलं जातं आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

कॉर्टिसॉल कमी पडण्याच्या या आजाराचं दुसरं कारण क्षयाचं. लंडनच्या थॉमस ॲडिसन यांनी 1855 मध्ये हा आजार मांडला, तेव्हा त्यांच्या अनेक रुग्णांच्या ग्रंथी क्षयाने पोखरलेल्या होत्या. आपल्याकडे आजही तसे रुग्ण सापडतात. त्यांच्या तळहाताच्या रेषा आणि हिरड्या काळवंडतात, वजन उतरतं, सारखं खारट खावंसं वाटतं.

निदानाची सुरुवात सकाळी आठच्या सुमारास केलेल्या कॉर्टिसॉलच्या रक्ततपासणीने होते. उपचार म्हणजे बहुधा रोज 15 ते 25 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, दोन-तीन वेळा विभागून, मोठा डोस सकाळी. ताप आला तर डॉक्टरांनी आधीच लिहून दिल्याप्रमाणे डोस दुप्पट-तिप्पट करायचा. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर वाट पाहू नये. 108 ला फोन करावा. 100 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आणि सलाईन जीव वाचवतं.

एकादशीचा उपवास असला तरी गोळी चुकवायची नाही. तुकोबांच्या पालखीबरोबर सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असं चालताना गोळ्या आणि आजाराची चिठ्ठी खिशातच हवी.

पुडी घेत असाल, तर ती घेऊनच डॉक्टरांकडे जा. रागावतील म्हणून लपवू नका. डोस हळूहळू कमी करता येतो, आणि बहुतेकांच्या ग्रंथी पुन्हा कामाला लागतात.