पंपावरचा आळ, काट्याची साक्ष

महाराष्ट्रातील भाजीपाला, दूध, द्राक्षे आणि कांदा शेतापासून बाजार समितीपर्यंत नेणाऱ्या ‘पिकअप’ नावाच्या छोट्या मालवाहू गाड्या बहुतांशी डिझेलवर चालतात, आणि अशी गाडी सेल्फ मारूनही सुरू होईना किंवा घाटाच्या चढावर दम सोडू लागली, की पहिला आळ डिझेल पंपावर येतो. पंप हा इंधनव्यवस्थेतील सर्वांत महाग आणि सर्वांत बारीक मापाने घडविलेला भाग असला, तरी तो सहसा सर्वांत आधी बिघडणारा भाग नव्हे. टाकी आणि पंप यांच्यामधील नळ्या, क्लिपा, वॉशर, फिल्टर आणि टाकीचे झाकण या किरकोळ किमतीच्या वस्तूच बहुधा दोषी निघतात. डॅशबोर्डवरील इंधनकाट्याचा बिघाड हा वरकरणी वेगळा, निव्वळ विजेचा प्रश्न वाटतो. परंतु काटा खोटा बोलू लागला की टाकी नकळत रिकामी होते, नळीत हवा शिरते, आणि ज्याच्या आतील भागांना डिझेल हेच वंगण असते तो पंप काही काळ कोरडा फिरतो. या दोन तक्रारी एकमेकींत अशा गुंतलेल्या असल्यामुळे तपासणीची सुरुवात पंपाकडून न होता टाकीकडून व्हावी लागते, आणि पहिला प्रश्न टाकीत डिझेल खरोखर आहे काय, हाच असावा लागतो.

गॅरेजमध्ये ‘पंप’ या एकाच शब्दाने दोन वेगळी यंत्रे ओळखली जातात, आणि निदानातील पुष्कळसा घोळ तेथूनच सुरू होतो. टाकीतले डिझेल ओढून फिल्टरमार्गे पुढे ढकलणारा तो फीड पंप. त्याचा दाब मामुली असतो आणि तो इंजिनच्या अंगाला, टाकीच्या आत, किंवा मुख्य पंपाच्याच पोटात बसविलेला असतो. दुसरा तो मुख्य, म्हणजे इंजेक्शन पंप. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमधील हवा इतकी दाबली जाते की ती तापून तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते, आणि दाबलेल्या हवेत हा फवारा घुसविण्यासाठी लागणारा प्रचंड दाब मुख्य पंप निर्माण करतो. अशा यांत्रिक पंपांचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन जर्मनीच्या बॉश कंपनीने १९२७ मध्ये सुरू केले. त्यानंतर अनेक दशके हे पंप डिझेल फवारणाऱ्या प्रत्येक नोझलला स्वतंत्र नळीतून, काहीशे बार दाबाने डिझेल पुरवीत आले. १९९७ पासून मोटारींमध्ये ‘कॉमन रेल’ पद्धत आली, ज्यात पंप एका सामाईक नळकांड्यात, म्हणजे रेलमध्ये, दीड-दोन हजार बारपर्यंत दाब साठवून ठेवतो आणि कोणत्या क्षणी किती डिझेल फवारायचे हे संगणक ठरवितो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ या प्रदूषणमानकांनंतरच्या नव्या पिकअप अशाच असतात. मात्र यांत्रिक पंपाच्या जुन्या गाड्याही ग्रामीण रस्त्यांवर अजून धावताना दिसतात. दोहोंच्या तपासणीचा क्रम टाकीपासून फिल्टरपर्यंत जवळजवळ एकच असतो. त्यापुढे मात्र वाटा फुटतात.

ज्या बिघाडाला मिस्त्री ‘गाडीने एअर धरली’ असे म्हणतात, तो या सर्व प्रकरणाचा गाभा आहे. फीड पंप इंजिनाजवळ असेल, तर टाकीपासून त्याच्यापर्यंतची नळी दाबाखाली नसून ओढीखाली असते. त्यामुळे या भागात बारीक भेग पडली किंवा नळी जोडणाऱ्या बॅन्जो बोल्टखालील तांब्याचा वॉशर चपटा झाला, तर डिझेल बाहेर ठिबकण्याऐवजी हवा आत शोषली जाते. नळी बाहेरून कोरडी दिसते म्हणून ती निर्दोष समजली जाते आणि पंप उतरविला जातो. असे घडण्याचे कारण एवढेच, की गळती म्हणजे ओल, हा अनुभव पाण्याच्या नळावरून आलेला असतो आणि येथे तो उलटा लागू पडतो. अशा गाडीची लक्षणे ठरलेली असतात. रात्रभर उभी राहिल्यावर नळीतील डिझेल हळूहळू टाकीकडे उतरते आणि त्याची जागा हवा घेते, म्हणून सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. फिल्टरजवळचा हातपंप, ज्याला प्रायमर म्हणतात, दहावीस वेळा दाबला की गाडी सुरू होते आणि मग दिवसभर कुरकुर करीत नाही. उतारावर तोंड खाली करून उभी केलेली गाडी सकाळी चटकन सुरू होते आणि तोंड वर करून ठेवलेली होत नाही, असे आढळले तर निदान जवळजवळ पक्के समजावे. खात्रीचा उपाय म्हणजे फिल्टर आणि मुख्य पंप यांच्यामध्ये तात्पुरती पारदर्शक नळी जोडून पाहणे, कारण तीतून बुडबुड्यांची माळ सरकताना दिसली की वादाला जागा उरत नाही. मात्र हे केवळ कमी दाबाच्या नळीवरच करता येते.

हवा शिरण्याचे ठिकाण कधीकधी टाकीच्या आतच असते, आणि याचा सर्वांत बोलका दाखला अमेरिकेतील आहे. फोर्ड कंपनीच्या एफ-२५० या जड पिकअपमध्ये १९८३ च्या मॉडेलपासून १९९४ पर्यंत आधी ६.९ आणि नंतर ७.३ लिटरचे यांत्रिक पंपाचे डिझेल इंजिन मिळत असे, आणि त्यांतील अनेक गाड्यांना दोन टाक्या असत. टाकीत उतरलेल्या शोषनळीच्या टोकाला प्लॅस्टिकची एक चपटी जाळी होती, जी स्नानगृहातील शॉवरच्या तोंडासारखी दिसत असल्याने त्याच नावाने ओळखली गेली. वर्षानुवर्षे डिझेलमध्ये राहून ही जाळी ठिसूळ होई आणि तुटून पडे. मग शोषनळीचे टोक टाकीच्या तळापासून बरेच वर राही आणि काटा पाव टाकी दाखवीत असतानाच इंजिन बंद पडे. मालकाला दोनच शक्यता दिसत : फीड पंप गेला, किंवा काटा खोटा बोलतो. प्रत्यक्षात पंप धडधाकट होता आणि काटाही अक्षरशः खरे सांगत होता. टाकीत पाव हिस्सा डिझेल होते, फक्त ते नळीच्या तोंडाला लागत नव्हते. याच गाड्यांमध्ये दोन टाक्यांमधून निवड करणारी झडप बिघडली, तर एका टाकीतून ओढलेले जादा डिझेल परतीच्या नळीने दुसऱ्याच टाकीत जाई आणि न भरलेली टाकी भरताना दिसे. असा काटा पाहून माणूस चक्रावला तर नवल नाही.

हवेचा संशय फिटल्यावर अडथळ्याचा विचार करावा. फिल्टर तुंबला असेल तर गाडी जागेवर उभी असताना नीट चालते, कारण तेव्हा डिझेल थोडेच लागते. भरलेला माल घेऊन चढ लागला की मात्र ती झटके मारते आणि वेग धरत नाही. टाकीच्या झाकणाला किंवा टाकीला हवा आत घेणारे बारीक छिद्र असते. ते चिखलाने बुजले, तर डिझेल जसजसे कमी होते तसतशी टाकीत निर्वात स्थिती निर्माण होऊन फीड पंपाला डिझेल ओढता येत नाही, आणि बंद पडलेल्या गाडीचे झाकण उघडताच ‘सुस्स’ असा आवाज येऊन थोड्या वेळाने ती पुन्हा सुरू होते. पाण्याचा प्रश्न पावसाळ्यात अधिक येतो. पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी साचते, आणि शोषनळीचे तोंडही तेथेच असते. म्हणून फिल्टरखालचा निचरास्क्रू ठरावीक काळाने सोडून काचेच्या बाटलीत नमुना पाहणे हे पाणीसूचक दिवा लागण्याची वाट पाहण्यापेक्षा शहाणपणाचे ठरते.

विनाखर्चाची एक तपासणी तर ड्रायव्हरलाही करता येते. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून अजिबात धूर येत नसेल, तर सिलिंडरपर्यंत डिझेल पोहोचतच नाही; पांढरट धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते पण पेटत नाही, आणि मग शोध इंधनाऐवजी तापप्लग (ग्लो प्लग), कॉम्प्रेशन किंवा पंपाच्या वेळेच्या जुळणीकडे वळवावा लागतो. जुन्या रोटरी पंपावर डिझेल तोडणारा विजेचा सोलेनॉइड असतो. चावी फिरविल्यावर त्याचा ‘टक्’ असा आवाज आला नाही, तर फ्यूज आणि त्याची वायर पाहण्याआधी पंपाला हात लावणे हा शुद्ध अपव्यय होय. त्यानंतरची, आणि सर्वांत निर्णायक, कसोटी म्हणजे टाकीला बगल देणे : स्वच्छ कॅनमध्ये गाळलेले डिझेल घेऊन त्यात फीड पंपाची शोषनळी आणि परतीची नळी या दोन्ही सोडाव्यात आणि गाडी चालवून पाहावी. गाडी सुरळीत चालली, तर दोष टाकी आणि तिच्या नळ्यांत. तीच तक्रार राहिली, तर दोष पुढे. ज्यांचा फीड पंप टाकीतच असतो त्या गाड्यांना ही कसोटी अशी लागू पडत नाही. तेथे दाबमापक जोडावा लागतो.

कॉमन रेल इंजिनाबाबत एक जुनी सवय सोडलीच पाहिजे. यांत्रिक पंपाच्या काळात चालू इंजिनावर एकेका नोझलच्या नळीचा नट ढिला करून कोणता सिलिंडर काम करीत नाही हे ओळखले जाई. नव्या इंजिनावर तसे केल्यास दीड हजार बारचा झोत कातडी भेदून डिझेल मांसात घुसवू शकतो, आणि वरून टाचणीएवढी दिसणारी ही जखम तातडीच्या शस्त्रक्रियेची असते. गळती शोधायलाही बोट न फिरविता पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा. येथे निदान स्कॅनरने होते. सेल्फ मारताना रेलमधील दाब ठरावीक पातळीपर्यंत चढला नाही, तर संगणक नोझल, म्हणजे इंजेक्टर, उघडतच नाही. परंतु दाब न चढण्याचे कारण पंप असेलच असे नाही, कारण झिजलेला एखादा इंजेक्टरही सगळा दाब परतीच्या नळीत सोडून देतो. म्हणून प्रत्येक इंजेक्टरच्या परतीला मापाची बाटली लावून कोणाची बाटली लवकर भरते हे आधी पाहिले जाते.

पंप खरोखर दोषी असतो, तेव्हा तो आपली खूण देतो. पंपाचा प्लंजर, म्हणजे आतील दट्ट्या, आणि त्याचे बॅरल यांच्यात मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढीच फट असते. ती झिजेने वाढली की थंड, घट्ट डिझेल कसेबसे टिकते, पण तापलेले पातळ डिझेल फटीतून निसटते. त्यामुळे सकाळी सहज सुरू होणारी आणि लांबचा पल्ला मारून ढाब्यावर थांबल्यानंतर मात्र सुरू न होणारी जुनी गाडी झिजलेल्या पंपाची असते, आणि पंपावर ओले फडके टाकून तो निवल्यावर ती सुरू झाली तर शंका राहत नाही. कॉमन रेल गाडीत फिल्टर कापून पाहिल्यावर धातूचा चकाकता चुरा दिसला, तर तोही पंप गेल्याचाच पुरावा. अशा वेळी केवळ पंप बदलून भागत नाही, कारण चुरा रेल आणि इंजेक्टरपर्यंत गेलेला असतो.

आता काटा. टाकीच्या आत एका दांडीला फ्लोट, म्हणजे तरंगणारा पोकळ डबा किंवा फुगा, जोडलेला असतो. डिझेलच्या पातळीबरोबर तो वरखाली होतो आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाची धातूची जीभ रोधक पट्टीवर घासत सरकते. पट्टीच्या बदलत्या रोधावरून काटा पातळी दाखवितो. या साध्या रचनेमुळे बिघाडाचे ठिकाण काट्याच्या वागण्यावरूनच कळते. काटा फक्त अर्ध्याच्या आसपास थरथरत किंवा एकदम शून्यावर पडत असेल, तर पट्टी तेवढ्याच जागी झिजलेली असते. कायम रिकामे दाखवीत असेल, तर फ्लोटमध्ये डिझेल शिरून तो बुडाला असेल किंवा वायर तुटली असेल. हेडलाइट किंवा साइड इंडिकेटर लावताच काटा हलत असेल, तर दोष अर्थिंगचा, म्हणजे टाकी आणि चासी यांच्यातील गंजलेल्या जोडाचा असतो, आणि तो सॅण्डपेपरने घासून बरा होतो. जुन्या मीटरमध्ये इंधनाचा आणि तापमानाचा असे दोन्ही काटे एकाच वेळी चुकू लागले, तर त्यांना समान दाबाने वीज पुरविणारा स्टॅबिलायझर बिघडलेला असतो. टाकीवरचा वायरचा प्लग काढल्यावर काटा एका टोकाला आणि त्या वायरला अर्थ दिल्यावर दुसऱ्या टोकाला गेला, तर मीटर आणि वायरिंग ठीक असून दोष टाकीतील फ्लोटच्या युनिटमध्ये आहे, हे जुन्या गाडीत मिनिटभरात सिद्ध होते. नव्या इलेक्ट्रॉनिक मीटरला मात्र असा थेट अर्थ न देता मल्टीमीटरने युनिटचा रोध मोजावा आणि तो कंपनीच्या पुस्तिकेशी ताडून पाहावा.

काट्यावर विसंबून इंधन भरताना आणखी एक वाद उद्भवतो : डिझेल भरूनही काटा अपेक्षेइतका चढला नाही, की विक्रेत्याने माप मारल्याचा आरोप होतो. टाकीचा आकार सर्वत्र सारखा नसल्यामुळे काट्याचे अर्धे म्हणजे लिटरचे अर्धे नव्हे, आणि उतारावर उभ्या गाडीत तर नाहीच. मापाची शंका असल्यास वैधमापन खात्याची मोहोर असलेले पाच लिटरचे माप पेट्रोलपंपावर मागता येते. काट्याची शंका असल्यास मैदानात टाकी तोंडापर्यंत भरावी. ६० लिटरच्या टाकीचा काटा अर्ध्यावर असताना ५० लिटर मावले, तर खोटे कोण बोलते ते उघड होते. अशी गाडी दुरुस्त होईपर्यंत किलोमीटरच्या हिशेबाने आणि पाव टाकीच्या वर ठेवून चालवावी.

पंप उतरविण्यास संमती देण्यापूर्वी गाडीमालकाने मिस्त्रीला पारदर्शक नळीत बुडबुडे दिसले काय आणि वेगळ्या कॅनवर गाडी कशी चालली, हे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर मिळाले नाही, तर पंप जागेवरच राहू द्यावा. आणि तो उतरवावाच लागला, तर टेस्ट बेंचवरील कॅलिब्रेशनचे दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे आकडे लिहून घ्यावेत, बदललेले जुने भाग परत मागावेत, आणि त्याच बिलात नवा फिल्टर व सर्व तांब्याचे वॉशर बसवून घ्यावेत.