ज्या अलीगढला सोडले, तेच सांभाळायला गेले

डॉ. झाकिर हुसेन यांचे नाव निघाले की आपल्या घरांत ‘राष्ट्रपती’ एवढेच आठवते. पण त्यांच्या आयुष्यातली सर्वांत अवघड जबाबदारी कोणती, असे मुलांनी विचारले तर मी १९४८ ते १९५६ या वर्षांकडे बोट दाखवते. त्या काळात ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू होते.

अलीगढ त्यांना परके नव्हते. तिथेच ते शिकले. १९२० साली असहकाराच्या हाकेला ओ देऊन त्यांनी ते कॉलेज सोडले आणि जामिया मिल्लियाच्या स्थापनेत उडी घेतली. बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन १९२६ मध्ये परतल्यावर बावीस वर्षे त्यांनी तुटपुंज्या पैशांत जामिया चालवली. बी.एड.ला आपण जी वर्धा योजना शिकतो, तिचा आराखडा करणाऱ्या १९३७ च्या समितीचेही तेच अध्यक्ष.

जामिया म्हणजे एका कुटुंबासारखी संस्था. सगळे एकमेकांना ओळखत, पगार कमी असला तरी कुरकुर नसे. अलीगढ मात्र सरकारी अनुदानावर चालणारे मोठे विद्यापीठ. तिथे कोर्ट, कार्यकारी परिषद, विभाग, वसतिगृहे. प्रत्येकाचे म्हणणे वेगळे. आणि काळ फाळणीनंतरचा! अनेक शिक्षक आणि विद्यार्थी पाकिस्तानात निघून गेले होते. पाकिस्तानच्या मागणीशी या विद्यापीठाचे नाव जोडले गेले होते, त्यामुळे बाहेर संशय होता. आत भीती होती. हे विद्यापीठ टिकेल का, हाच प्रश्न होता.

अशा वेळी कुलगुरूने काय करायचे? रिकाम्या जागांवर चांगली माणसे आणायची, सरकारकडून पैसा मिळवायचा, पण आपला कणा मोडू द्यायचा नाही. विद्यार्थ्यांना सांगायचे की हा देश तुमचा आहे, आणि देशाला सांगायचे की ही मुले तुमची आहेत. दोन्हीकडचे बोल ऐकून घ्यायचे. १९५१ मध्ये संसदेने विद्यापीठाचा कायदा बदलला. धार्मिक शिक्षणाची सक्ती गेली, कोर्टात फक्त मुस्लिमच असावेत ही अट गेली. समाजातल्या अनेकांना हे रुचले नाही. तो वाद अनेक वर्षे चालला, न्यायालयांपर्यंत गेला. पण झाकिर साहेबांच्या काळात विद्यापीठ पुन्हा उभे राहिले, हे नाकारता येत नाही.

त्यांना फुलझाडांचे, विशेषतः गुलाबांचे वेड होते. अलीगढच्या आवारातही त्यांनी बागा फुलवल्या. उद्याची खात्री नसलेल्या आवारात कुलगुरू गुलाब लावतो, तेव्हा न बोलता तो सांगत असतो की आपण इथून कुठेही जाणार नाही.

इथे एक गोष्ट मुलींना जरूर सांगावी. कुलपतीचे पद मानाचे, कुलगुरूचे कामाचे. १९२० मध्ये अलीगढच्या पहिल्या कुलपती झाल्या त्या एक स्त्री, भोपाळच्या बेगम सुलतान जहाँ. पण रोजचा कारभार हाती असलेल्या कुलगुरूच्या खुर्चीवर पहिली स्त्री बसायला २०२४ साल उजाडले. त्या म्हणजे मानसशास्त्राच्या प्राध्यापक नईमा खातून. याच विद्यापीठात शिकलेल्या आणि तिथल्या विमेन्स कॉलेजच्या प्राचार्य राहिलेल्या. मान आणि काम यांमध्ये शंभराहून अधिक वर्षे गेली.

मुलांच्या प्रवेशाच्या वेळी आपण फी विचारतो, वसतिगृह विचारतो, नोकरीचे विचारतो. ते विचारायलाच हवे. त्यासोबत हेही विचारा : शिक्षकांच्या किती जागा भरलेल्या आहेत? ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते? संशोधन खरोखर चालते का? या प्रश्नांची उत्तरे इमारतीच्या रंगावरून कळत नाहीत. ती पुष्कळशी त्या खुर्चीत कोण बसले आहे, यावर ठरतात.