संगणकप्रणाली बदलताना लॅपटॉप कोणता घ्यावा : अल्प किमतीचा की उंची?

मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या संगणकप्रणालीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी प्रसिद्ध झाली होती. त्यानंतरच्या दहा वर्षांत सहकारी सोसायट्या, ग्रामपंचायती, सेवा केंद्रे, शेतकरी उत्पादक कंपन्या व कित्येक शेतकरी कुटुंबे यांच्या संगणकांवर ती चांगलीच रुळली. आधार बंद झाला म्हणजे संगणक बंद पडतो असे नव्हे. तो पूर्ववत् सुरू होतो व कामही करतो. परंतु प्रणालीत नव्याने आढळणारी छिद्रे बुजविण्याचे काम थांबते. कुंपण मोडलेल्या शेतातही पीक उभे असते. पण ते आपल्या खळ्यावर येईल याची शाश्वती राहत नाही. अशा संगणकातील नोंदींची स्थिती तशीच होते. जेथे सभासदांचे आधार क्रमांक, बँक खाती व कर्जाचे व्यवहार नोंदलेले आहेत, तेथे ही गोष्ट दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

सबब आज अनेकांपुढे दोन प्रश्न उभे आहेत. विंडोजचीच पुढची आवृत्ती घ्यावी की दुसऱ्या प्रणालीकडे वळावे, हा पहिला. आणि नवा लॅपटॉप अल्प किमतीचा घ्यावा की उंची, हा दुसरा. पुष्कळ ठिकाणी आधी यंत्र खरेदी होते व मग त्यावर आपले काम होते की नाही हे पाहिले जाते. हा क्रम उलटा आहे. विहिरीचे पाणी व उपशाची खोली पाहून पंपाची अश्वशक्ती ठरवावी लागते. त्याप्रमाणे प्रथम काम, मग प्रणाली आणि शेवटी यंत्र, याच क्रमाने विचार करणे इष्ट होय.

आहे तो संगणक प्रथम तपासावा

नवीन खरेदीचा ठराव करण्यापूर्वी हातातील संगणक ‘विंडोज ११’ साठी योग्य आहे काय, हे पाहावे. ही प्रणाली ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली. तिला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षा-व्यवस्था लागते. इंटेल कंपनीचा प्रोसेसर असल्यास तो साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. ही तपासणी करणारा ‘पीसी हेल्थ चेक’ हा प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टने मोफत दिलेला आहे. संगणक तपासणीत उतरला व त्यावरील विंडोज १० परवानाधारक असली, तर विंडोज ११ कडे विनामूल्य जाता येते.

संगणक योग्य असूनही मंद चालत असेल, तर त्याचे कारण बहुधा जुनी फिरती हार्ड डिस्क हे असते. तिच्या जागी एसएसडी बसविली व रॅम ८ जीबी केली, तर नव्या यंत्राच्या किमतीच्या लहानशा अंशात काम भागते. संगणक योग्य नसेल, तर घरगुती वापरासाठी कंपनीने देऊ केलेली वाढीव सुरक्षा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे, हे ध्यानात ठेवावे. संस्थांना ती शुल्क भरून जास्तीत जास्त तीन वर्षे घेता येते व शुल्क दर वर्षी दुप्पट होते. हा तात्पुरता टेकू होय. त्यावर कायमचे छप्पर घालू नये.

प्रणालीची निवड

सामान्यतः तीन मार्ग उपलब्ध आहेत : विंडोज ११, ॲपल कंपनीची मॅकओएस, आणि लिनक्स. लिनक्सच्या उबुंटूसारख्या आवृत्त्या विनामूल्य मिळतात व जुन्या संगणकांवरही बऱ्यापैकी चालतात. चेन्नईच्या सी-डॅक संस्थेने भारतीय भाषांचा विचार करून ‘बॉस’ ही लिनक्स आवृत्ती तयार केलेली आहे. केरळ राज्यातील शाळांनी तर मुक्त प्रणालीवरच आपले संगणक-शिक्षण उभारले आहे. तेव्हा हा मार्ग गरिबाघरचा म्हणून कमी लेखण्याचे कारण नाही.

तथापि प्रणाली बदलताना आपल्या कामाशी निगडित असलेल्या पुढील बाबी कागदावर लिहून एकेक तपासाव्यात.

पहिली बाब हिशेबाची. टॅली हा प्रोग्रॅम विंडोजवर चालण्यासाठी बनविलेला आहे. मॅक अथवा लिनक्सवर त्याचा थेट उपयोग होत नाही. त्यासाठी आडमार्ग काढावा लागतो व त्याचा वेगळा खर्च येतो.

दुसरी बाब डिजिटल स्वाक्षरीची. स्वाक्षरीचे टोकन संगणकाला जोडल्यावर ते ओळखणारा पूरक प्रोग्रॅम त्या प्रणालीसाठी उपलब्ध असावा लागतो. विंडोजवर ही सोय सरसकट असते. इतरत्र ती टोकन बनविणाऱ्याकडे विचारून घ्यावी.

तिसरी बाब अंगठ्याच्या यंत्राची. आधार प्रमाणीकरणाची बोटांचे ठसे घेणारी यंत्रे प्रायः विंडोज व अँड्रॉइड यांवर चालतील अशीच केलेली असतात. सेवा केंद्राच्या दृष्टीने ही एकच बाब निर्णायक ठरते.

चौथी बाब मराठी लिपीची. जुने ठराव, नोंदी व पत्रव्यवहार श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या टंकांत असतील, तर ते टंक नसलेल्या संगणकावर मराठी मजकुराऐवजी अर्थहीन रोमन अक्षरे दिसतात. मजकूर नाहीसा झालेला नसतो. परंतु वाचता न येणारी नोंद आणि नसलेली नोंद यांत व्यवहारात फारसे अंतर नसते. असे दस्तऐवज जुना संगणक चालू असतानाच युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावेत. युनिकोडमधील मजकूर व इनस्क्रिप्ट कळफलक या तिन्ही प्रणालींवर सारखेच उपलब्ध आहेत.

वरील चारांपैकी पहिल्या तीन बाबी ज्यांच्या नित्याच्या आहेत, त्यांनी विंडोजवरच राहणे हितावह. ज्यांचे काम पत्रव्यवहार, तक्ते, संकेतस्थळांवरील अर्ज, शिक्षण व वाचन एवढेच आहे, त्यांना तिन्ही मार्ग मोकळे आहेत. मात्र एखादे संकेतस्थळ ठराविक प्रोग्रॅमचा आग्रह धरते काय, हे आधी पाहावे.

अल्प किमतीचे व उंची यंत्र यांत फरक कशाचा?

किमतीतील फरक प्रामुख्याने सहा गोष्टींचा असतो : प्रोसेसर, रॅम, साठवण, पडदा, बॅटरी व बांधणी. त्या सर्वांचे महत्त्व सर्वांना सारखे नसते.

प्रोसेसर म्हणजे यंत्राची अश्वशक्ती. अर्ज भरणे, हिशेब लिहिणे, पत्र टंकणे या कामांना साध्या श्रेणीचा अलीकडचा प्रोसेसर पुरतो. उंची प्रोसेसरचा मोबदला दीर्घकाळ चालणाऱ्या भारी कामातच मिळतो. उदाहरणार्थ, चित्रफितींचे संपादन किंवा ड्रोनने टिपलेली शेकडो छायाचित्रे जोडून शेताचा नकाशा बनविणे.

रॅम ही खळ्याच्या जागेसारखी आहे. जागा अपुरी असली की माल ठेवण्या-उचलण्यातच वेळ जातो. विंडोज ११ ची किमान मर्यादा ४ जीबी असली, तरी तेवढ्यावर समाधानकारक काम होत नाही. ८ जीबी ही खालची मर्यादा मानावी व शक्य तेथे १६ जीबी घ्यावी. अनेक लॅपटॉपमध्ये रॅम मूळ पट्टीवरच डाखलेली असते व नंतर वाढविता येत नाही. म्हणून खरेदीपूर्वी ‘रॅम वाढविता येते काय?’ हा प्रश्न विक्रेत्यास अवश्य विचारावा.

साठवण एसएसडी प्रकारची असावी. अत्यंत स्वस्त लॅपटॉपमध्ये ‘ईएमएमसी’ नावाची ६४ किंवा १२८ जीबीची मंद साठवण असते; प्रणालीच्या सुधारणांनीच ती भरून जाते. २५६ जीबी एसएसडी ही संस्थेच्या कामाला किमान समजावी.

पडदा व बॅटरी यांकडे ग्राहकाचे लक्ष कमी जाते. गावोगाव फिरणाऱ्या सेवकास मात्र याच गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पडद्याचे तेज ‘निट’ या एककात मोजतात. २५० निटचा पडदा खोलीत ठीक दिसतो. ओसरीवर किंवा बांधावर तो फिका पडतो. अशा कामास ४०० निटच्या आसपासचा पडदा घ्यावा. बॅटरीची क्षमता वॅट-तासांत दिलेली असते. समजा, लॅपटॉप सरासरी १० वॅट वीज घेत असेल, तर ४० वॅट-तासांची बॅटरी सुमारे चार तास व ६० वॅट-तासांची सुमारे सहा तास टिकेल. जेथे भारनियमन आहे, तेथे हे दोन तास अर्जदारांची रांग पुरी करण्यास उपयोगी पडतात.

ॲपलच्या यंत्रांतही हाच विवेक करावा. मॅकबुक एअरमध्ये नोव्हेंबर २०२० पासून ॲपलचे स्वतःचे प्रोसेसर आले व पंखा काढून टाकण्यात आला. त्यामुळे आत धूळ ओढली जाण्याचा प्रश्न राहिला नाही. सर्वसाधारण कामास एअर पुरते. मॅकबुक प्रो हे तासन् तास भारी काम करणाऱ्यांसाठी आहे. इंटेल प्रोसेसरचे जुने मॅक स्वस्तात मिळाले तरी घेऊ नयेत. २०२५ ची ‘टाहो’ ही त्यांना मिळणारी शेवटची आवृत्ती असल्याचे ॲपलनेच जाहीर केलेले आहे. म्हणजे विंडोज १० च्या बाबतीत उद्भवलेला प्रश्न पुन्हा विकत घेतल्यासारखे होईल.

वर्षाच्या हिशेबाने किंमत पाहावी

यंत्राची खरी किंमत पावतीवर नसते. ती त्याच्या उपयोगाच्या वर्षांत असते. समजा, एका संस्थेपुढे तीन पर्याय आहेत. खालील आकडे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी घेतले आहेत.

(अ) ३०,००० रुपयांचा, ४ जीबी रॅमचा, वाढ न होणारा लॅपटॉप. तो दोन वर्षांत अपुरा पडला, तर वार्षिक खर्च १५,००० रुपये.

(आ) ५४,००० रुपयांचा, साधा प्रोसेसर पण १६ जीबी रॅम व एसएसडी असलेला लॅपटॉप. तो सहा वर्षे चालला, तर वार्षिक खर्च ९,००० रुपये.

(इ) १,०५,००० रुपयांचा उंची लॅपटॉप. तो सात वर्षे चालला, तरी वार्षिक खर्च १५,००० रुपये.

यावरून असे दिसून येईल की, अगदी स्वस्त व अगदी उंची ही दोन्ही यंत्रे वर्षाला सारख्याच खर्चाची ठरू शकतात, आणि मधल्या यंत्रात काटकसर साधते. शिवाय (आ) व (इ) यांतील ५१,००० रुपयांत जवळजवळ आणखी एक यंत्र येते. याचे महत्त्व पीक विम्याच्या अर्जाची मुदत संपत आली असताना कळते. त्या दिवशी एकुलते एक यंत्र बिघडले, तर ते कितीही उंची असले तरी रांगेतील शेतकऱ्याचा अर्ज राहून जातो, आणि पुढे पीक बुडाल्यास त्याचे नुकसान कोणत्याही वेगवान प्रोसेसरने भरून निघत नाही. दुसरे साधे यंत्र हाताशी असले, तर काम अडत नाही. याच दृष्टीने तालुक्याच्या गावी दुरुस्तीची सोय आहे काय, आणि जागेवर येऊन दुरुस्तीची हमी मिळते काय, हेही किमतीइतकेच पाहावे.

बदल करताना घ्यावयाची दक्षता

नवीन लॅपटॉप आल्याबरोबर जुना काढून टाकू नये. निदान एक महिना दोन्ही यंत्रे शेजारी ठेवून चालवावीत. सर्व नोंदींच्या दोन प्रती स्वतंत्र बाह्य डिस्कांवर घ्याव्यात व त्यांपैकी एक दुसऱ्या इमारतीत ठेवावी. प्रत घेतली एवढ्यावर न थांबता, ती नव्या यंत्रावर उघडून दहा-वीस नोंदी ताडून पाहाव्यात. मॅककडे जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की, विंडोजच्या ‘एनटीएफएस’ पद्धतीच्या डिस्कवरील मजकूर मॅकवर वाचता येतो, पण त्यावर लिहिता येत नाही. ‘एक्सफॅट’ पद्धतीची डिस्क दोन्हीकडे चालते.

जुने यंत्र विकताना किंवा देताना त्यातील साठवण पूर्णपणे पुसून घ्यावी. फाइल नुसती काढून टाकल्याने ती नष्ट होत नाही. निकामी यंत्र भंगारात न देता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावे; १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांचाही तोच हेतू आहे.

कोणी काय घ्यावे?

१. सेवा केंद्र, सोसायटी व ग्रामपंचायत : विंडोज ११, साधा अलीकडचा प्रोसेसर, ८ ते १६ जीबी रॅम, २५६ ते ५१२ जीबी एसएसडी. एका उंची यंत्रापेक्षा दोन साधी यंत्रे बरी.

२. गावोगाव फिरणारे सेवक : प्रोसेसरवरील पैसा वाचवून तो तेजस्वी पडदा, मोठी बॅटरी व कमी वजन यांवर खर्च करावा.

३. शिकणारी मुले असलेले शेतकरी कुटुंब : आहे त्या संगणकावर लिनक्स बसवून पाहावी; ते न जमल्यास ८ जीबी रॅमचा, पुढे वाढविता येईल असा लॅपटॉप घ्यावा.

४. ड्रोन नकाशे किंवा चित्रफितींचे काम नित्य करणारी उत्पादक कंपनी : येथे उंची यंत्र योग्य होय. ३२ जीबी रॅम व स्वतंत्र ग्राफिक्स यांचा खर्च वाचलेल्या वेळातून भरून निघतो.

सारांश, उंची यंत्र घेणे ही उधळपट्टी नव्हे आणि स्वस्त यंत्र घेणे ही काटकसर नव्हे. कामाला लागेल तेवढे घेणे ही काटकसर होय. ग्रामसेवक व संस्थांच्या चिटणिसांनी खरेदीचा ठराव मांडण्यापूर्वी आपल्या कामांची यादी करावी, प्रत्येक कामापुढे त्याला लागणारी प्रणाली लिहावी आणि ती यादी घेऊनच विक्रेत्याकडे जावे.