सदरा की टी-शर्ट? सीमाशुल्काचे उत्तर टाक्यांत

मराठीत स्वेटरही विणला जातो आणि पैठणीही. क्रियापद एक असले, तरी सीमाशुल्काच्या लेखी हे दोन भिन्न प्रकार आहेत. मागावर उभे-आडवे धागे एकमेकांतून ओवून केलेल्या कापडाचे कपडे दरपत्रकाच्या ६२व्या प्रकरणात मोडतात; तर सुयांवर किंवा यंत्रावर धाग्याचे फास एकमेकांत गुंफून केलेले कपडे ६१व्या प्रकरणात. बाजारात ज्याला सरसकट ‘होजिअरी’ म्हणतात, तो बहुतेक माल ६१व्या प्रकरणातला. परदेशातून असा माल मागवणाऱ्या व्यापाऱ्याची खरी कसोटी मात्र या प्रकरणाच्या आत लागते.

वस्तूंना क्रमांक देण्याची ही पद्धत ब्रुसेल्सस्थित जागतिक सीमाशुल्क संघटनेची असून, ती १ जानेवारी १९८८पासून अमलात आली. तिचे पहिले सहा अंक ती स्वीकारणाऱ्या सर्व देशांत समान असतात. भारतात त्यापुढे दोन अंक जोडून आठ अंकी क्रमांक होतो आणि त्यावरच शुल्काचा दर ठरतो. तयार कपड्यांच्या अनेक नोंदींवर मूल्याची ठराविक टक्केवारी किंवा नगामागे ठराविक रुपये, यांपैकी जे अधिक असेल ते शुल्क लागते. साहजिकच स्वस्त मालाच्या बाबतीत क्रमांक बदलला, की हिशेबही बदलतो.

नावाला किंमत नाही

दुकानात कॉलर आणि पुढे दोन-तीन बटणे असलेला पुरुषी ‘पोलो’ टी-शर्ट म्हणूनच विकला जातो. दरपत्रकातील ६१०९ हा टी-शर्टचा क्रमांक मात्र कॉलर व बटणे नसलेल्या हलक्या कपड्यासाठी आहे. पोलो जातो ६१०५ या पुरुषांच्या शर्टांच्या क्रमांकात, आणि तेथेही अटी आहेत. कमरेखाली खिसा असेल किंवा खालच्या कडेला आवळपट्टी असेल, तर तो कपडा तेथून बाद होतो. विणही दाट हवी. किमान १० बाय १० सेंटीमीटर भागावर मोजता प्रत्येक दिशेला सेंटीमीटरमागे सरासरी १० टाके भरले पाहिजेत. ते न भरल्यास तो सहसा ६११० या स्वेटर-पुलोव्हरच्या क्रमांकात जाऊन बसतो.

पुढून उघडणाऱ्या कपड्याची डावी बाजू उजवीवर येत असेल तर तो पुरुषांचा, उजवी डावीवर येत असेल तर स्त्रियांचा, असा नियम आहे. बेतावरून तो स्पष्टपणे दुसऱ्याचा दिसत असल्यास हा नियम लागू होत नाही. काहीच ठरवता येत नसेल, तर कपडा स्त्रियांच्या क्रमांकात जातो. ८६ सेंटीमीटरपेक्षा अधिक उंची नसलेल्या बालकांचे कपडे मात्र ६१११ या स्वतंत्र क्रमांकात येतात, मग तो टी-शर्ट का असेना.

कापूस अधिक, तरी सुती नव्हे

सर्वाधिक गफलत होते ती मिश्र धाग्यांबाबत. समजा, लेबलवर ४० टक्के कापूस, ३५ टक्के पॉलिएस्टर आणि २५ टक्के व्हिस्कोज असे लिहिले आहे. कापूस सर्वांत जास्त, म्हणून कपडा सुती, असे कोणालाही वाटेल. परंतु पॉलिएस्टर व व्हिस्कोज हे दोन्ही मानवनिर्मित धागे असल्याने त्यांचे वजन एकत्र धरले जाते. ते ६० टक्के भरते आणि कपडा सुती वर्गातून बाहेर पडतो. कापूस व पॉलिएस्टर निम्मे-निम्मे असल्यासही तोच निकाल लागतो. कारण बरोबरी झाल्यास दरपत्रकात नंतर येणारा धागा ग्राह्य मानतात.

जबाबदारी आयातदाराची

२०११पासून भारतात स्वयंनिर्धारणाची पद्धत आहे. म्हणजे क्रमांक व शुल्क आयातदारानेच जाहीर करायचे असते. परदेशी विक्रेत्याने बिलावर छापलेला क्रमांक उतरवून घेतला, ही सबब पुरेशी ठरत नाही. शुल्क कमी भरल्याचे आढळल्यास सर्वसाधारणपणे दोन वर्षांपर्यंत आणि हेतुपुरस्सर लपवाछपवी असल्यास पाच वर्षांपर्यंत मागे जाऊन व्याजासह वसुली होऊ शकते. तोवर माल विकला गेलेला असतो आणि ती रक्कम ग्राहकाकडून वसूल करण्याची सोय उरत नाही. दुसरीकडे, कोणी जाणूनबुजून चुकीचा क्रमांक लावून शुल्क वाचवले, तर तिरुपूरसारख्या केंद्रांतील उत्पादकांना त्या मालाशी विषम स्पर्धा करावी लागते.

शंका असल्यास आयातीपूर्वीच सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे दाद मागता येते. त्याची कार्यालये दिल्ली व मुंबईत आहेत. त्याआधीची साधी खबरदारी म्हणजे मागणी नोंदवतानाच विक्रेत्याकडून धाग्यांचे वजनी प्रमाण, सेंटीमीटरमागील टाके, तसेच कॉलर, खिसे व खालच्या कडेचा तपशील लेखी मागून घेणे. नमुन्याचा एक नग आधी मागवून प्रयोगशाळेत तपासून घेतल्यास उत्तम. तो खर्च नंतरच्या दंडापुढे किरकोळच ठरेल.